व्हायरल उतरला, न्यूमोनिया चढला : नागपूरकर नातेवाइकांचे नेहमीचे प्रश्न

धंतोलीतल्या एका लॅबमध्ये मी सूक्ष्मजीवशास्त्राचं काम बघते. दिवसभर जंतू वाढवायच्या प्लेटा, संध्याकाळी रिपोर्ट. रिपोर्ट न्यायला आलेली माणसं काउंटरवरून हलत नाहीत, कारण वॉर्डात डॉक्टरांनी दोन मिनिटांत सांगितलेलं त्यांच्या कानावरून गेलेलं असतं. 'इन्फेक्शन वाढलंय, हायर अँटिबायोटिक सुरू केलंय' एवढंच लक्षात असतं. हे प्रश्न त्या काउंटरवरचे आहेत. इथे कुणाचा इलाज ठरवायचा नाही. डॉक्टरांशी बोलायला जाताना डोकं थोडं जाग्यावर असावं, एवढ्यासाठी हे लिहिलंय.

आधी तर व्हायरल आहे म्हणाले होते. मग हा न्यूमोनिया कुठून आला?

बहुतेक वेळा घशातूनच. आपल्या नाकाघशात जिवाणू कायम वस्तीला असतात. धडधाकट माणसात ते खाली फुप्फुसात टिकत नाहीत, कारण श्वासनलिकेच्या आतल्या पेशींवर बारीक केसांची लव असते आणि ती चिकट स्राव सतत वर ढकलत राहते. आपण खाकरतो, गिळतो, काम होतं. इन्फ्लुएंझा किंवा कोविडचा विषाणू नेमक्या याच अस्तरात घुसतो. पेशी मरतात, लव झडते, खालचा उघडा पृष्ठभाग जिवाणूंना चिकटायला आयता मिळतो. वरून मेलेल्या पेशी आणि पाझरलेला द्रव, म्हणजे राहायची सोय झाली तशी जेवणाचीही.

ही गोष्ट जुनी आहे. १९१८ च्या साथीत दगावलेल्यांच्या फुप्फुसांचे जपून ठेवलेले तुकडे अमेरिकेतल्या संशोधकांनी पुन्हा तपासले आणि २००८ मध्ये निष्कर्ष छापला : बहुतेक मृत्यू विषाणूने एकट्याने केलेले नव्हते, मागून आलेल्या जिवाणूंच्या न्यूमोनियाने ते झाले होते. तेव्हा पेनिसिलिनसुद्धा नव्हतं. आज औषधांचं कपाट भरलेलं आहे, पण त्यातली बरीच औषधं काही जंतूंवर चालेनाशी झाली आहेत. या पानावरचं सगळं दुखणं तिथून सुरू होतं.

तापाशी लढून प्रतिकारशक्ती वाढायला पाहिजे. उलट कमी कशी झाली?

हा प्रश्न मला सगळ्यात आवडतो, कारण याचं उत्तर आपल्या समजुतीच्या अगदी उलटं आहे.

प्रतिकारशक्ती म्हणजे टाकीतलं पाणी नव्हे, की वाढलं किंवा कमी झालं. ती वेगवेगळ्या कामांची माणसं असलेली एक यंत्रणा आहे. विषाणू आला की शरीर इंटरफेरॉन नावाचे निरोप सोडतं. ते विषाणूला अडवतात, पण त्याच निरोपांमुळे जिवाणूंकडे धावणाऱ्या न्यूट्रोफिल पेशींना बोलावणं उशिरा जातं. फुप्फुसाच्या हवेच्या पिशव्यांमध्ये मॅक्रोफेज नावाच्या पेशी गस्त घालत असतात, समोर येईल तो जंतू गिळून टाकणं हे त्यांचं काम. गंभीर फ्लूमध्ये त्यातल्या बऱ्याच मरतात, आणि उरलेल्या पेशी जंतूला पकडायचे हात आखडून घेतात. उंदरांवरच्या प्रयोगांत हे नीट दिसलं आहे : फ्लूनंतर साधारण आठवडाभराने फुप्फुसात सोडलेले न्यूमोकॉकस जिवाणू, एरवी सहज साफ झाले असते ते, साफ होत नाहीत.

त्यात आजार फार गंभीर असेल तर दुसरा अंक सुरू होतो. सुरुवातीला दाह इतका पेटतो की शरीर स्वतःच त्यावर पाणी ओतायला लागतं. लिम्फोसाइट नावाच्या लढणाऱ्या पांढऱ्या पेशी घसरतात. रक्तातल्या मोनोसाइट पेशी शत्रूची ओळख ज्या खुणेने पुढे पोचवतात ती खूणच त्यांच्या अंगावरून कमी होते. म्हणजे रोग्याचा सीआरपी, दाह दाखवणारा रक्तातला आकडा, आभाळाला टेकलेला आणि त्याच वेळी जिवाणूपुढे शरीर हात बांधून उभं. जास्त आणि कमी, दोन्ही एकाच वेळी. त्यामुळे 'प्रतिकारशक्ती वाढवायचं इंजेक्शन नाही का?' या प्रश्नाला डॉक्टर हसत नाहीत, पण देतही नाहीत.

गोवर तर आणखी पुढे जातो. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, गोवर होऊन गेलेल्या मुलांच्या आधीच्या अँटिबॉडींपैकी ११ ते ७३ टक्के पुसल्या गेलेल्या आढळल्या. शरीर जुन्या शत्रूंना विसरतं. फ्लू आणि कोविड असं करत नाहीत, पण काही आठवड्यांची पोकळी सोडून जातात.

स्टेरॉइडमुळे झालं का हे?

स्टेरॉइड दाह दाबतं, आणि दाबताना जिवाणूंविरुद्धची फळीही दाबली जाते. म्हणून ते द्यायलाच नको होतं, असं मात्र होत नाही. ब्रिटनच्या रिकव्हरी चाचणीत २०२० मध्ये व्हेंटिलेटरवरच्या कोविड रुग्णांचे मृत्यू डेक्सामेथासोन या स्टेरॉइडने ४१.४ वरून २९.३ टक्क्यांवर आले. डोस होता रोज ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त १० दिवस. ज्यांना ऑक्सिजनच लागला नव्हता त्यांना काहीच फायदा दिसला नाही. गडबड झाली ती तिथे. २०२१ च्या एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे घरच्या घरी, ऑक्सिजन ९८ असताना, तीन-तीन आठवडे स्टेरॉइड घेतलेली माणसं होती. त्यात साखर वाढलेली. पुढे काय झालं ते नागपूरने पाहिलं.

ती काळी बुरशी आणि हे एकच का?

नाही. म्युकर ही बुरशी, तिला अँटिबायोटिक लागूच होत नाही. अँफोटेरिसिन बी लागतं आणि सडलेला भाग कापून काढावा लागतो. जमीन मात्र तीच : थकलेली प्रतिकारशक्ती, वाढलेली साखर, स्टेरॉइड.

जंतू हॉस्पिटलमधूनच लागला ना? खरं सांगा.

शक्यता आहे. दाखल होऊन ४८ तास झाल्यावर सुरू झालेल्या न्यूमोनियाला वैद्यकशास्त्रच 'हॉस्पिटलचा' म्हणतं, आणि घशात नळी घातल्यावर ४८ तासांनी झाला तर 'व्हेंटिलेटरचा'. नळीमुळे खोकला बंद, घशातली लाळ नळीभोवतीच्या फुग्याच्या कडेने हळूहळू खाली झिरपते, आणि नळीच्या आतल्या भिंतीवर जंतूंचा बुळबुळीत थर बसतो. क्लेबसिएला, अ‍ॅसिनेटोबॅक्टर, स्यूडोमोनास ही तिथली नेहमीची नावं. अ‍ॅसिनेटोबॅक्टर तर कोरड्या रेलिंगवर, मॉनिटरच्या बटणांवर आठवडेच्या आठवडे जिवंत राहतो. स्यूडोमोनासला ओल आवडते, बेसिन म्हणजे त्याचं माहेर.

पण दुसरी बाजूही आहे. हे जंतू कित्येकदा रुग्ण आपल्याच आतड्यात घेऊन आलेला असतो. रेझिस्टंट जिवाणू पोटात बाळगणारी निरोगी माणसं आपल्या देशात भरपूर आहेत. अँटिबायोटिकच्या माऱ्यात बाकीचे मरतात आणि या पठ्ठ्यांना रान मोकळं मिळतं.

माझ्या घरचंच सांगते. २०२१ च्या एप्रिलमध्ये माझे मामा शहरातल्या एका खासगी दवाखान्यात बारा दिवस व्हेंटिलेटरवर होते. त्यांच्या छातीतला नमुना सहाव्या दिवसापर्यंत कुठेच पाठवला गेला नव्हता, मात्र तोवर तीन अँटिबायोटिक बदलून झाली होती. मी स्वतः या धंद्यात असून मला विचारायचं सुचलं नाही. खाट मिळाली यातच आम्ही खूश होतो. शेवटी कल्चरमध्ये, म्हणजे नमुन्यातले जंतू वाढवून बघायच्या तपासणीत, क्लेबसिएला आला, चालणारं औषध एकच. मामा वाचले. किडनी अर्ध्यावर आली, आजही सावजीच्या नुसत्या वासावर जेवतात आणि मीठ मोजून खातात. तो जंतू पोटातला होता की खाटेवरचा, ते मला आजही सांगता येणार नाही. नमुना सहा दिवस का पाठवला नाही, हा माझा राग मात्र तसाच आहे.

म्हणून आयसीयूबाहेर भांडण्याऐवजी चार गोष्टी विचारा : खाटेची डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश वर आहे का, तोंडाची स्वच्छता रोज होते का, झोपेचं औषध कमी करून नळी काढता येईल का हे रोज बघतात का, आणि नमुना कधी पाठवला. आत जाताना आणि बाहेर येताना हात चोळा. मावशीला, वॉर्डबॉयला, स्वतःला, सगळ्यांना तोच नियम.

'रेझिस्टंट' म्हणजे आमच्या बाबांचं शरीर औषधाला सरावलं का?

नाही बा. हा गैरसमज इतका पक्का आहे की शिकलेली माणसंही 'मला अमुक गोळी लागू होत नाही' म्हणतात. सरावतो तो जिवाणू. शरीराचा त्यात काही संबंध नाही. त्यामुळे आयुष्यात कधी अँटिबायोटिकला हात न लावलेल्या आजीलाही रेझिस्टंट न्यूमोनिया होऊ शकतो.

जिवाणूकडे युक्त्या बऱ्याच आहेत. औषध आत शिरतं ती भोकं बुजवायची, आत आलेलं पंपाने बाहेर फेकायचं, औषध जिथे चिकटतं ती जागाच बदलायची. सगळ्यात वाईट युक्ती म्हणजे औषध कापणारी कात्री तयार करायची. मेरोपेनेम, इमिपेनेमसारखी कार्बापेनेम गटातली कडक इंजेक्शनं कापणारी एक कात्री एनडीएम-१ नावाने जगभर गाजली. २००८ मध्ये नवी दिल्लीत उपचार घेऊन स्वीडनला परतलेल्या एका रुग्णाच्या क्लेबसिएलात ती सापडली, आणि नावात 'न्यू डेल्ही' घातलं म्हणून आपल्याकडे बरीच ओरड झाली. नावाचा वाद बाजूला ठेवा. कात्रीचा नकाशा ज्या डीएनएच्या सुट्या कड्यावर असतो, ते कडं एक जिवाणू दुसऱ्याला, अगदी वेगळ्या जातीच्या जिवाणूलाही देऊ शकतो. लग्नातल्या आहेरासारखं, हातोहात.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देखरेखीत मोठ्या रुग्णालयांतल्या अ‍ॅसिनेटोबॅक्टरपैकी दहातले आठांहून अधिक कार्बापेनेमला दाद देत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या यादीतही हा जंतू सगळ्यात वरच्या, म्हणजे 'अतिगंभीर' गटात आहे.

कल्चर रिपोर्टवर एवढी एस, आय, आर अक्षरं आहेत. वाचायची कशी?

डाव्या बाजूला औषधांची नावं, पुढे अक्षर. एस म्हणजे नेहमीच्या डोसमध्ये चालेल. आर म्हणजे चालणार नाही. आय म्हणजे डोस वाढवला किंवा औषध त्या जागी भरपूर पोचलं तर चालू शकेल. काही रिपोर्टांवर एमआयसी नावाचा आकडाही असतो. जंतूची वाढ थांबवायला कमीत कमी किती औषध लागलं, ते तो सांगतो. दोन वेगवेगळ्या औषधांचे आकडे शेजारी ठेवून 'हा लहान, म्हणून हे चांगलं' असं करू नका. प्रत्येक औषधाची फूटपट्टी वेगळी असते.

कोलिस्टिन या शेवटी राखून ठेवलेल्या औषधापुढे आय बघून लोकांचा चेहरा पांढरा पडतो. २०२० पासून एका मोठ्या आंतरराष्ट्रीय नियमावलीने कोलिस्टिनसाठी एस हे अक्षरच काढून टाकलं. तिथे चांगल्यात चांगला निकाल आयच असतो.

सगळं आर असलेला रिपोर्ट द्यायचा असतो तेव्हा मी पुन्हा एकदा प्लेट उजेडात धरून बघते. क्लेबसिएला मॅककॉन्की प्लेटवर गुलाबी, ओल्या शेंबडासारखा पसरतो. तारेने उचलला तर कधीकधी पाकासारखी तार येते. स्यूडोमोनासची प्लेट हिरवट होते आणि झाकण उघडताच गोडसर, पिकल्या द्राक्षांसारखा वास येतो. पंधरा वर्षं झाली, मी द्राक्षं खात नाही. सेन्सिटिव्हिटीच्या प्लेटवर औषधाच्या टिकल्या ठेवलेल्या असतात. औषध चालत असेल तर टिकलीभोवती स्वच्छ गोल चंद्र पडतो. ज्या प्लेटवर एकही चंद्र नाही, तिचा रिपोर्ट टाइप करायला हात जड होतो.

बेडका कसा द्यायचा? दोनदा परत पाठवला तुम्ही.

कारण ती थुंकी होती. सूक्ष्मदर्शकाखाली गालाच्या पेशी भरपूर आणि पू-पेशी नाहीत असं दिसलं की आम्ही नमुना लावतच नाही. लावला तर तोंडातले जंतू उगवतील आणि तुमच्या वडिलांना नको ते औषध मिळेल.

सकाळी उठल्याउठल्या, साध्या पाण्याने दोन-तीनदा चूळ भरून, खोल श्वास घेऊन छातीतून खोकून काढलेला, घट्ट, पिवळट किंवा हिरवट कफ हवा. तंबाखू-सुपारीचा खर्रा खाणाऱ्यांनी तर चूळ पाच वेळा भरावी. विनोद करत नाही. लाल-तपकिरी पाणी भरलेल्या डब्या रोज येतात, आणि 'रक्त पडतंय' म्हणून घाबरलेले नातेवाईक सोबत. नमुना दोन तासांच्या आत पोचवा. मे महिन्यात पारा ४५ वर असताना स्कूटीच्या डिक्कीत ठेवून, वाटेत बर्डीवर खरेदी उरकून आणलेल्या डबीत भलतेच जंतू तिप्पट झालेले असतात आणि खरा गुन्हेगार त्यांच्याखाली दबून जातो.

आणि हे मोठ्या अक्षरात वाचा : शक्य असेल तर नमुना अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसआधी. दोन डोस पोटात गेले की कल्चरमध्ये 'नो ग्रोथ' येऊ शकतं, आणि मग डॉक्टर अंधारात. अर्थात माणूस धापा टाकत असेल तर बेडक्यासाठी औषध थांबवायचं नाही. रक्ताचं कल्चर घ्यायला पाच मिनिटं लागतात, ते घेऊन लगेच सुई टोचायची.

रिपोर्टला तीन दिवस? तोवर माणूस जाईल की!

जंतू वाढायला वेळ लागतो, त्याला कुणाची ओळख चालत नाही. पहिल्या दिवशी प्लेटवर लावायचं, दुसऱ्या दिवशी वाढ दिसते, मग ती औषधांसमोर ठेवायची, आणखी एक दिवस. ग्रॅम रंग, म्हणजे जंतू रंगवून त्याचा ढोबळ गट ओळखायची तपासणी, मात्र त्याच दिवशी कळतो, तो विचारून घ्या. काही ठिकाणी पीसीआरचं पॅनेल मिळतं. एक-दोन तासांत जंतूचं नाव आणि एनडीएमसारख्या कात्रीचा जनुक आहे का, ते कळतं. महाग आहे, आणि मेलेल्या जंतूचाही डीएनए दाखवतं. तोवर डॉक्टर अंदाजाने औषध सुरू करतात. तो अंदाज हवेतला नसतो. आपल्या आयसीयूत गेल्या सहा महिन्यांत काय उगवलं, त्याचा तक्ता चांगल्या रुग्णालयाकडे असतो.

रिपोर्टमध्ये जंतू आला, तरी डॉक्टर म्हणतात औषध नको. असं कसं?

बरोबर असू शकतं. नळीत जंतू राहतोय आणि फुप्फुस आजारी नाही, असंही होतं. ताप नाही, ऑक्सिजनची गरज वाढली नाही, एक्स-रेवर नवा डाग नाही, तर नुसत्या कागदावरच्या जंतूला मारायला किडनी पणाला लावायची नसते. मी रिपोर्ट देते. रोगी बघतात ते.

पहिल्याच दिवशी सगळ्यात हायर औषध का नाही दिलं? पैशाचा प्रश्न नव्हता.

'हायर' म्हणजे जास्त ताकदीचं, असं काही नसतं. ते वेगळ्या जंतूंसाठीचं असतं, एवढंच. घरी झालेल्या साध्या न्यूमोकॉकल न्यूमोनियाला पेनिसिलिन गटातली जुनी औषधं अजून उत्तम चालतात. फ्लूनंतर स्टॅफिलोकॉकस ऑरियसचा न्यूमोनिया असेल, तर मेरोपेनेमने काही होणार नाही जर तो एमआरएसए, म्हणजे त्याच जंतूचा रेझिस्टंट प्रकार, निघाला. तिथे व्हॅन्कोमायसिन किंवा लिनेझोलिड लागतं. नवी औषधंही जादूची नाहीत. सेफ्टाझिडिम-अ‍ॅव्हिबॅक्टम हे महागडं इंजेक्शन एनडीएम कात्रीपुढे एकटं हरतं. त्याच्या जोडीला अ‍ॅझट्रिओनाम दिलं तर मात्र जोडी जमते, कारण अ‍ॅझट्रिओनामला ती कात्री कापू शकत नाही आणि त्याला कापणाऱ्या बाकीच्या कात्र्या अ‍ॅव्हिबॅक्टम बोथट करतं. अशी जोडी कुठे लावायची, ते किंमत बघून नाही, रिपोर्ट बघून ठरतं.

कोलिस्टिन सुरू केलंय. म्हणजे आता शेवट समजायचा का?

तसं नाही. कोलिस्टिन १९५० च्या आसपासचं, जपानमध्ये सापडलेलं औषध. किडनीला त्रास देतं म्हणून सत्तरच्या दशकात मागे पडलं आणि बाकीची औषधं निकामी झाल्यावर पुन्हा बाहेर काढावं लागलं. क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम दाखवणारा रक्तातला आकडा, रोज बघतात ते यासाठी. शिरेतून दिलेलं फुप्फुसात फारसं पोचत नाही, म्हणून कधी नेब्युलायझरमधूनही देतात. हेच औषध आपल्याकडे कोंबड्यांना वजन वाढावं म्हणून खाद्यातून दिलं जायचं. केंद्र सरकारने जुलै २०१९ मध्ये त्यावर बंदी घातली. खूप उशिरा, माझ्या मते.

मागच्या वेळी हीच गोळी दिली होती. मेडिकलवरून आणू का?

नागपुरात 'मेडिकल' म्हटलं की दोन अर्थ. एक हनुमाननगरजवळचं शासकीय रुग्णालय, दुसरं गल्लीतलं औषधाचं दुकान. ताप आला की माणूस आधी दुसऱ्या मेडिकलला जातो आणि तिथून बिघडलं की पहिल्या मेडिकलला. क्रम उलटा करायला हरकत नाही.

सर्दी-ताप-अंगदुखीच्या विषाणूवर अझिथ्रोमायसिन काहीही करत नाही. 'पण मागच्या वेळी तीन दिवसांत उतरला होता!' तो तीन दिवसांत उतरणारच होता. जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये सांगितलं की कोविडसाठी दाखल झालेल्यांपैकी फक्त ८ टक्क्यांना जिवाणूंचा जोडसंसर्ग होता आणि अँटिबायोटिक मिळालं सुमारे ७५ टक्क्यांना. आज प्लेटवर चंद्र पडत नाहीत, त्यात त्या गोळ्यांचाही वाटा आहे.

कायदा आहे. १ मार्च २०१४ पासून एच-वन यादी लागू झाली, तिच्यात सुरुवातीला तिसऱ्या पिढीची सेफॅलोस्पोरिन, कार्बापेनेम धरून ४६ औषधं होती. चिठ्ठी हवी, दुकानदाराने वहीत रुग्णाचं आणि डॉक्टरांचं नाव लिहायचं, वही तीन वर्षं जपायची. पाकिटावरची लाल उभी रेघ म्हणजे चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही.

लेव्होफ्लॉक्सासिनने खोकला बराच कमी झाला, मग पुन्हा सुरू झाला...

दोन आठवड्यांहून जास्त खोकला, वजन कमी, संध्याकाळचा बारीक ताप असेल तर टीबीची तपासणी करा. लेव्होफ्लॉक्सासिन टीबीच्या जंतूवरही थोडं चालतं. म्हणून थोडे दिवस बरं वाटतं, निदान महिनाभर पुढे जातं आणि जंतू त्या औषधाला सरावायची भीती. मेडिकल, मेयो ही सरकारी रुग्णालयं, महापालिकेची केंद्रं, सगळीकडे बेडक्याची जनुकीय तपासणी फुकट होते आणि रिफाम्पिसिन हे टीबीचं मुख्य औषध चालेल की नाही तेही त्याच दिवशी कळू शकतं.

कोर्स पूर्ण करायचा की बरं वाटल्यावर थांबायचं?

डॉक्टरांनी सांगितले तेवढे दिवस. हल्ली ते दिवस कमी असतात. साध्या न्यूमोनियात सुधारणा दिसत असेल तर पाच, हॉस्पिटलच्या न्यूमोनियात बहुधा सात. 'खात्रीसाठी' स्वतःहून चार दिवस जास्त घेऊ नका.

घरी आणल्यावर कशावर लक्ष ठेवू?

फ्लू उतरला, दोन-चार दिवस बरं वाटलं आणि मग पुन्हा थंडी वाजून ताप, हिरवा किंवा गंजाच्या रंगाचा कफ, श्वास घेताना बरगडीत टोचणं. हा ठरलेला नमुना आहे. यात 'अशक्तपणा असेल' म्हणून वाट बघू नका. मिनिटाला श्वास २४ च्या वर, ऑक्सिमीटरवर ९४ च्या खाली, ओठ निळसर, बोलणं असंबद्ध, लघवी कमी : यातलं काहीही दिसलं तर रात्रीचे दोन वाजले असले तरी निघा. म्हाताऱ्या माणसांना तापच येत नाही कधीकधी. आजी नुसती जेवत नाही, झोपून राहते, नातवाचं नाव चुकवते. बोटाला नेलपॉलिश किंवा मेंदी असेल तर ऑक्सिमीटर खोटं बोलू शकतो.

थकवा जातच नाही. एक्स-रेवर अजून डाग आहे.

एक्स-रे माणसापेक्षा हळू बरा होतो. सहा ते आठ आठवडे सहज, वयस्कांत तीन महिनेही. लव पुन्हा उगवायलाही काही आठवडे जातात, म्हणून या काळात बिडी, खर्रा, कचरा जाळल्याचा धूर, सगळं बंद. कोराडी-खापरखेड्याच्या वीज केंद्रांच्या बाजूला राहत असाल तर राख उडते त्या दिवशी खिडक्या लावून घ्या. कूलर लावायचा तर आधी टाकी घासून शेवाळ काढा, पाणी रोज बदला आणि झोत थेट छातीवर घेऊ नका.

काढा, हळदीचं दूध, संत्री?

संत्री खा, डिसेंबर असेल तर भरपूर खा. साखर असेल तर मोजून. काढ्याने न्यूमोनिया बरा होत नाही, आणि मुठीमुठीने मिरी-सुंठ घातलेला काढा कोलिस्टिनवरून उठलेल्या पोटाला झेपत नाही.

घरच्यांना लागण होईल का?

विषाणूची होऊ शकते. रेझिस्टंट जिवाणूचा न्यूमोनिया धडधाकट माणसाला सहसा होत नाही, पण तो जिवाणू हातावरून आतड्यात जाऊन बसू शकतो. साबणाने हात धुवा. रुग्णाचं ताट वेगळं ठेवून त्याला वाळीत टाकल्यासारखं करू नका.

पुढच्या वेळी हे होऊ नये म्हणून काही लस?

मुख्य दोन आहेत. फ्लूची दरवर्षी, आणि न्यूमोकॉकसची. आपल्याकडे फ्लू पावसाळ्यात आणि पुन्हा जानेवारी ते मार्च असा दोनदा येतो, म्हणून पावसाळ्याआधी घेतलेली बरी. लहान बाळांना न्यूमोकॉकल लस सरकारी लसीकरणात आहे : २०१७ पासून टप्प्याटप्प्याने, २०२१ पासून देशभर. मोठ्यांना मात्र स्वतः विकत घ्यावी लागते. पासष्टीच्या पुढचे, मधुमेही, दम्याचे, किडनीचे रुग्ण यांनी डॉक्टरांना विचारावं. क्लेबसिएला आणि अ‍ॅसिनेटोबॅक्टरवर लस नाही. फायदा आडवळणाने मिळतो : फ्लूच झाला नाही तर व्हेंटिलेटर नाही, व्हेंटिलेटर नाही तर ती नळी नाही.

जुने रिपोर्ट ठेवायचे की टाकायचे?

ठेवा. पुन्हा कधी दाखल करायची वेळ आली तर पहिल्या तासात डॉक्टरांच्या हातात द्या. मागच्या सहा-बारा महिन्यांत उगवलेला जंतू पुन्हा तोच असायची शक्यता बरीच असते आणि अंदाजाचं पहिलं इंजेक्शन त्यावरून बदलतं. फोनमध्ये फोटो असू द्या, पण कागदही ठेवा, कारण दाखल करताना नेमका फोन ज्याच्याकडे असतो तो गाडी लावायला गेलेला असतो. मामींनी रिपोर्ट पिठाच्या डब्याखाली प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलेत, वरच्या कागदावर लाल पेनाने लिहिलंय : 'आधी हे दाखवा.'